शेळी तोंड लावत नाही ते झाड

जालन्यात रोप विकत घेणाऱ्याचे प्रश्न दोनच असतात: पाणी किती लागतं आणि शेळी खाते का? दुष्काळी जिल्ह्यात हे साहजिकच आहे. 2012-13च्या दुष्काळात मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या, लोकांनी त्यांचं सरपण केलं. कण्हेर मात्र तसल्या उन्हाळ्यातही तग धरते. पण शेळी त्या झाडाला तोंड का लावत नाही, हे कुणी विचारत नाही. उत्तर बहुतेक वेळा विष हेच असतं. मी जनावरांचा डॉक्टर, त्यातही हल्ली मांजरांचा जास्त. त्यामुळे कण्हेर, रुई, एरंड, अडेनियम, पानफुटी ही काटक मंडळी मला कुणाच्या गच्चीवर दिसली की मी आधी विचारतो, घरात मांजर आहे का?

कण्हेरीचं पान, फूल, चीक, इतकंच काय, फुलं ठेवलेल्या भांड्यातलं पाणीसुद्धा हृदयाचे ठोके बिघडवतं. अडेनियम आणि पानफुटीतलं विष त्याच प्रकारचं. बंगल्याच्या फाटकाशी हौसेने लावलेलं सायकस यकृत नासवतं. त्याच्या बिया सर्वांत वाईट. मनी प्लांट आणि डिफेनबॅकिया सहसा जीव घेत नाहीत, पण त्यांच्या पानांतले सुईसारखे स्फटिक तोंडात रुततात आणि लाळ गळायला लागते. कच्च्या अळूने घसा खवखवतो, तोच प्रकार.

‘मुक्या जनावराला कळतं काय खावं ते,’ असं म्हणणाऱ्यांना मी ज्वारीचं शेत दाखवतो. कोवळ्या फुटव्यावर गुरं तुटून पडतात आणि किराळ, म्हणजे कोवळ्या ज्वारीची विषबाधा, लागून मरतात. मांजराचं तर आणखी अवघड. ते झाड खातं कमी, स्वतःचं अंग चाटतं जास्त. दिवाळीत भेट आलेल्या गुच्छात मोठ्या पाकळ्यांची, तपकिरी पराग झडणारी लिली असते. तिला नुसतं अंग घासलं, पराग केसांना लागले आणि ते चाटले, तरी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. पहिल्या काही तासांत उलट्या होतात, मग मांजर सावरल्यासारखं दिसतं. घरचे निश्चिंत होतात, आणि एक ते तीन दिवसांत लघवी बंद पडते. तिथून परत आणणं फार कठीण. पहिल्या अठरा तासांत सलाईन सुरू झालं तर आशा बरीच असते. हारवाल्याकडच्या पांढऱ्या लिलीच्या कळ्या वेगळ्या कुळातल्या. त्यांनी उलट्या होतात, मूत्रपिंडं जात नाहीत. निशिगंधाची भीती नको.

मांजराला हिरवं चघळायची हौस असतेच, ती भागवावी. घटस्थापनेला पेरतो तसे कुंडीत गहू पेरा. ज्वारी नको, तिच्या कोंभांतही तेच किराळीचं विष असतं. गहू किराणा दुकानातले घ्या. बियाण्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या जालन्यात घरोघरी पिशव्या पडलेल्या असतात, पण त्या लाल-गुलाबी दाण्यांवर औषध चोळलेलं असतं.

विषबाधेचा संशय आला तर मीठपाणी पाजून उलटी करवू नका, तूप किंवा दूध बळेबळे ओतू नका. मिठाने दुसरीच विषबाधा होते आणि घशात ओतलेलं फुप्फुसात जातं. अंगाला पराग लागले असतील तर ते ओल्या फडक्याने पुसा, चाटू देऊ नका. माणसांची गोळी तर चुकूनही नको. पॅरासिटामॉल पचवणारी यंत्रणा मांजराच्या यकृतात फार तोकडी असते, एका गोळीने ते मरू शकतं.

आणि दवाखान्यात येताना चघळलेल्या झाडाची फांदी पिशवीत घालून आणा. ‘नर्सरीवाला शोचं झाड म्हणाला होता’ एवढ्यावरून आम्हाला उपचार ठरवता येत नाहीत.