गडहिंग्लजच्या माडीवरील ग्रंथ

आंबोलीच्या डोंगरात उगम पावलेली हिरण्यकेशी आजऱ्यावरून गडहिंग्लजला येते. गूळ-मिरचीच्या व्यापारामुळे हे गाव परिचित आहे. परंतु या वाटेचा ग्रंथांशीही ऋणानुबंध आहे. ‘मृत्युंजय’कार शिवाजी सावंत मूळचे आजऱ्याचे; आणि आंबोलीचा घाट उतरून समुद्राकडे गेले की शिरोडे लागते, जेथे वि. स. खांडेकरांनी १९२० ते १९३८ पर्यंत अध्यापन केले.

गडहिंग्लजच्या मुक्कामी एका स्नेह्यांच्या माडीवर आम्ही पुस्तकांची जुनी पेटी पाहिली. घरात वाटण्या झाल्या होत्या. भांडी, दागिने मोजून घेतले गेले. पुस्तके मात्र कोणासच नको होती, ती रद्दीत जावयाची होती. यांत पहिल्या आवृत्तीची कोणती, हे कसे ओळखावे, असे घरच्या मंडळींनी विचारले.

प्रथम शीर्षकपृष्ठ व त्याची पाठ पाहावी. ‘आवृत्ती पहिली’ असे छापले असल्यास काम सोपे. साल शकाचे असेल तर त्यात ७८ मिळवावे. शके १८५७ म्हणजे बहुतांशी इसवी सन १९३५. आवृत्तीचा उल्लेखच नसेल, तर इतर खुणा शोधाव्यात. खांडेकरांची ‘ययाति’ १९५९ ची. तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार १९६० साली व ज्ञानपीठ १९७४ चे मिळाले. यांपैकी एकाचाही उल्लेख छापलेली प्रत पहिल्या आवृत्तीची नव्हे. किंमत आण्यांत असल्यास छपाई बहुधा १९५७ पूर्वीची, कारण त्या वर्षी नवे पैसे आले. अनुच्चारित अनुस्वार असल्यास ती बहुधा १९६२ च्या लेखननियमांपूर्वीची. मात्र या दोन खुणांवरून काळ कळतो, आवृत्ती नव्हे. शाईने लिहिलेली भेटीची तारीखही फसवी असते. छपाई तिच्या आधीची, एवढेच ती सांगते.

आणखी एक सूचना. हौसेने नवी बांधणी करू नये. तीत मूळ मुखपृष्ठ जाते, कडा कापल्या जातात, आणि संग्राहकास हवे असलेले नेमके तेच नाहीसे होते. घरात ठेवणे अशक्यच असेल, तर रद्दीवाल्याआधी एखाद्या जुन्या ग्रंथालयास विचारावे. १८५० साली स्थापन झालेले करवीर नगर वाचन मंदिर कोल्हापुरातच आहे.

त्या पेटीत पहिल्या आवृत्तीची दोनच पुस्तके निघाली. बाकीची उत्तरकालीन, पण त्यांतील एकीच्या समासात घरच्या आजींनी पेन्सिलीने केलेल्या खुणा होत्या. बाजारात तिला मोल नाही. धाकट्या सूनबाईंनी तीच प्रत प्रथम उचलली, आणि मग सबंध पेटीच आपल्या वाट्यास मागून घेतली.