लाल गाडी

बांद्याहून सावंतवाडीकडे निघालेली एसटी इन्सुलीचा घाट चढू लागली की तिला धाप लागते. तावदानं थरथरतात, गिअर कण्हतो, पण ती थांबत नाही. पोटात पासवाली पोरं, बाजारातून परतणाऱ्या बायका, गणपतीला आलेले चाकरमानी. थांब्यावरची आजी तिला लांबून ओळखते. ‘गाडी इली!’ एवढंच म्हणते. महामंडळ वगैरे शब्द तिच्या तोंडी नाहीत.

तिचा जन्म १ जून १९४८चा, पुणे-अहमदनगर रस्त्यावरचा. त्याच वर्षी ट्रॉट्स्कीवादी लेखक टोनी क्लिफ लिहीत होता, की रशियात कारखाने सरकारचे असले तरी सत्ता कामगारांच्या हाती नाही. हा समाजवाद नव्हे, राज्य भांडवलशाही आहे. ट्रॉट्स्कीला मानणारे इतर म्हणत, मालमत्ता सरकारी आहे, म्हणजे राज्य कामगारांचंच, फक्त बिघडलेलं. लेनिनने तर १९१८ साली मागास रशियासाठी राज्य भांडवलशाही हे पुढचं पाऊलच मानलं होतं. आणि बिस्मार्कने रेल्वे सरकारी केली म्हणून समाजवाद येत नाही, हे एंगल्सने त्याच्याही आधी बजावलं होतं.

हा वाद मला पुस्तकापेक्षा या सरकारी गाडीत जास्त कळतो. ‘बहुजन हिताय, बहुजन सुखाय’ हे तिचं ब्रीद, आणि ती ते पाळते. चार उतारूंसाठी आडगावात वस्तीला जाते. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२पासून फुकट नेते, बायकांना २०२३पासून अर्ध्या तिकिटात. नफ्यासाठी धावणारी गाडी असं करणार नाही.

पण तिला चालवणारे? २०२१च्या अखेरीस ते संपावर गेले आणि महिनोन्‌महिने बाहेर राहिले. मुख्य मागणी: आम्हाला राज्य सरकारात विलीन करा. सरकारी गाडीच्या चालकाला सरकारकडे हे मागावं लागलं. त्यासाठी नेमलेल्या समितीने विलीनीकरण नाकारलं. एप्रिल २०२२मध्ये ते कामावर परतले.

म्हणून मी क्लिफच्या बाजूचा. कुठली फेरी बंद करायची, हे ना चालक ठरवतो, ना थांब्यावरची आजी. मात्र यावरून तिला खासगी मालकाच्या दावणीला बांधायला निघालेल्यांना माझा ठाम विरोध आहे. त्याने आजीची फेरी आधी जाईल.

आगाराचं वेळापत्रक ठरतं त्या टेबलाशी चालक-वाहकांना बसवा, आणि त्यांच्या शेजारी इन्सुलीच्या थांब्यावरच्या माणसांनाही.