क्वार्टझसाइटच्या माळावर फ्रीज

फिनिक्सहून पश्चिमेला साधारण दोनशे किलोमीटर गेले की ॲरिझोनातले क्वार्टझसाइट लागते. गाव एवढेसे, पण थंडीत भोवतालच्या सरकारी माळरानावर हजारो गाड्या तळ ठोकतात. बिछाना, चूल, न्हाणीघर सगळे आत असलेल्या या गाडीला तिथे आरव्ही म्हणतात. जानेवारीत भावाने एक भाड्याने घेतली आणि अम्मी, भाभी, मुले, मी असे तीन रात्रींसाठी निघालो. माळावर ना वीज, ना नळ.

गाडीत घरातल्यासारखा मोठा फ्रीज पाहून भाभी खूश झाली. मी नाही. पुष्कळ आरव्हींत गॅसवर चालणारा फ्रीज असतो, त्याला वीज नावापुरती लागते. हा मात्र बॅटरी आणि इन्व्हर्टरवरच चालणार होता. लोडशेडिंगच्या दिवसांत आमच्या घरी इन्व्हर्टरवर पंखे-दिवे चालत, फ्रीज कधीच नाही! आत मटण, दूध होतेच. खरी काळजी अम्मीच्या इन्सुलिनची. न उघडलेल्या कुप्या 2 ते 8 अंशांत राहायला हव्यात.

भावाने हिशेब मांडला. असा फ्रीज दिवसाला सव्वा युनिटच्या आसपास वीज खातो, थोडी इन्व्हर्टर स्वतः खातो. 12 व्होल्टच्या, 100 अँपिअर-तासांच्या दोन बॅटऱ्या म्हणजे कागदावर 2.4 युनिट. पण त्या शिसे-आम्लाच्या. निम्म्याहून जास्त उपसल्या तर लवकर खराब होतात. म्हणजे हाती 1.2. बाकीचे छतावरचे सोलर भरून काढेल, असे गाडी देणाऱ्याने सांगितले होते. थंडीत सूर्य कललेला असतो आणि पॅनेल छतावर सपाट पडलेली, हे त्याने सांगितले नव्हते.

दुसऱ्या रात्री तीन वाजता इन्व्हर्टर किंचाळू लागला. हीटरचा पंखाही त्याच बॅटऱ्यांवर चालला होता, हे कुणाच्या ध्यानातच आले नव्हते. रात्री जनरेटर लावायचा नाही, हा तिथला नियम. भाऊ तरी उठला, तर अम्मी म्हणाली, "बेटा, लोक झोपलेत. फ्रीजचे दार कुणी उघडू नका, बस्स." बंद फ्रीज चारेक तास गारवा धरतो. इन्व्हर्टर बंद करून आम्ही रजया ओढल्या; झोप मात्र कुणालाच लागली नाही.

सहाला जनरेटर लावला. फजरनंतर दार उघडले, थर्मामीटर 6 अंशांवर. अल्हम्दुलिल्लाह. मग दिवसा दोन तास जनरेटर आणि रात्री फ्रीज बंद, आत गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या, असे ठरले. इन्सुलिन बाटल्यांपासून लांब ठेवले, कारण गोठले की तेही वाया जाते.

निघताना गावच्या कब्रस्तानात थांबलो. तिथे हाजी अलींची कबर आहे. अमेरिकन लष्कराच्या उंटांबरोबर 1856 मध्ये आलेले हे उंटवाले. गोऱ्यांनी नावाचे 'हाय जॉली' केले. 1902 मध्ये ते वारले. कबरीवर दगडी पिरॅमिड आणि टोकावर धातूचा उंट. अम्मीने फातिहा पढली आणि वळून भावाला विचारले, "फ्रीज चालू आहे ना?"