चकतीने दिलेला धडा
तारापूर औद्योगिक वसाहतीत पिंप उचलताना एके दिवशी माझ्या कंबरेतून पायाच्या अंगठ्यापर्यंत कळ गेली. कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधील चकती सरकून शीर दाबली गेली होती. शस्त्रक्रियेच्या धास्तीने झोप उडाली. बोईसर ते पालघर हा दोन स्थानकांचा प्रवासही डोंगराएवढा वाटे.

पालघरच्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी धीर दिला. बहुतेकांचे हे दुखणे ६ ते १२ आठवड्यांत शस्त्रक्रियेविना ओसरते. बाहेर आलेला भाग शरीर पुष्कळदा स्वतःच शोषून घेते. त्यांच्या हातांनी आखडलेले स्नायू सैल झाले. चालणे नि व्यायाम मात्र मलाच करावे लागले. पायातले बळ गेले, बैठकीचा भाग बधिर झाला किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर तत्काळ रुग्णालय गाठावे, हेही त्यांनी बजावले.

आता मी पिंपासाठी ढकलगाडी मागतो. मदत मागण्यात कमीपणा नसतो, हे उशिरा उमगले.