रिचार्जचं परिमाण



नोकरी सोडली, पण मोबाईल नंबर ऑफिसच्या नावावर. बँक, आधार, गॅस सगळं त्यालाच जोडलेलं! ऑफिसचं पत्र घेऊन नंबर माझ्या नावावर केला. तुम्ही हे राजीनाम्याआधीच करा.

मग प्लॅन. मुलगा म्हणाला, "आई, रोज २ जीबीचा घे." पण आता पगार नाही आणि रिचार्जसाठी ह्यांच्याकडे मागणं जिवावर आलं. घरी वायफाय आहेच. ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये फक्त कॉल-एसएमएसचे प्लॅनही देणं कंपन्यांना बंधनकारक केलंय. तोच घेतला, माझ्या साठवणीतून. ओटीपी एसएमएसवर येतो, भाजीला सुट्टे पैसे नेते.

भोगोपभोग परिमाण आजवर ताटातल्या पदार्थांपुरतंच मोजत होते. आता मंदिरात फोन पर्समध्येच राहतो.