विश्रामबागेतून हरिपूरकडे

पुण्याहून इस्लामपूर-आष्टामार्गे सांगलीत शिरताना कृष्णेवरचा आयर्विन पूल लागतो. 1929 साली खुला झालेल्या या पुलावरूनच सांगलीकर नदीचा नूर ओळखतात. पावसाळ्यात ‘आयर्विनला किती फूट?’ हा प्रश्न येथे क्षेमकुशलाच्या आधी विचारला जातो. 45 फूट ही धोक्याची पातळी. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांपर्यंत चढले होते. आम्ही पोहोचलो त्या डिसेंबरच्या सकाळी मात्र नदी अगदी संथ होती.

निमित्त होते वर्गमित्रांच्या संमेलनाचे. 1981 साली विश्रामबागेतील वाणिज्य महाविद्यालयातून पदवी घेतलेले आम्ही चाळीसेक जण एकत्र जमलो. आरंभी संभाषण रक्तदाब, गुडघे आणि परदेशस्थ नातवंडे यांभोवतीच फिरत राहिले. भाषणे तर नको तितकी झाली. पण चहाच्या वेळी कोणीतरी मागून माझ्या हजेरीपटावरील क्रमांकाने हाक मारली आणि पांढऱ्या केसांची माणसे एकदम ‘अरे-तुरे’वर आली. नव्वदीच्या घरातील आमच्या हिशेबशास्त्राच्या सरांनी प्रत्येकाला जवळ बोलावून विचारले, “ताळेबंद जुळतो का रे आता?”

हजेरी घेताना एक नाव अनुत्तरित राहिले. हळदीच्या व्यापाऱ्याचा मुलगा म्हणून ज्याला आम्ही ‘हळद्या’ म्हणत असू, तो आला नव्हता. तो का आला नसावा, हे तेथे मला एकट्यालाच ठाऊक होते.

त्याचे घर हरिपूरला, सांगलीपासून चारेक किलोमीटरवर. कृष्णा-वारणेच्या संगमावरील हे गाव. ‘संगीत शारदा’ नाटकाचे कर्ते गोविंद बल्लाळ देवल येथलेच. पण व्यापारी जगतात हरिपूरचे नाव झाले ते हळदीच्या पेवांमुळे. पेव म्हणजे जमिनीखालील रांजण म्हणा ना. तोंड अरुंद, पोट मोठे. येथली माती इतकी चिवट की खोल खणले तरी ढासळत नाही. आतून शेणाने सारवून, पाला-पाचट लावून त्यात हळद भरायची आणि तोंड बंद करून टाकायचे. आतली हवा संपली की कीड जगत नाही, म्हणून हळद वर्षानुवर्षे टिकते. पेव उघडल्यावरही लगेच कोणी आत उतरत नाही. काही तास ते तसेच ठेवून मग कंदील सोडायचा. तो तेवत राहिला, तरच माणसाने उतरायचे. परीक्षेच्या दिवसांत आम्ही अभ्यासाला म्हणून हळद्याकडे जात असू आणि त्याच्या वडिलांचा हा कंदील बघत बसत असू.

2005 च्या महापुरात येथील अनेक पेवांत पाणी शिरले. हळद्याचा सारा माल गेला. त्या वेळी मी याच भागातील एका शाखेत कर्जविभाग सांभाळत होतो. त्याचा अर्ज माझ्याच मेजावर आला. आधीचे खाते थकलेले होते, तारण अपुरे होते. मी शिफारस केली नाही. तोच अर्ज आज पुढे आला, तरी मी तेच टिपण लिहीन. ठेवी लोकांच्या असतात. तो काही बोलला नाही. फक्त त्यानंतर बोलणे बंद झाले. त्याच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आमच्या वर्गात साऱ्यांना पोहोचली, मला आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चौघे हरिपूरला निघालो. संगमेश्वराचे दर्शन झाले, घाटावर थोडे बसलो. तिघे तेथेच रेंगाळले. मी एकटाच पुढे गेलो. हळद्या अंगणात उभा होता.

“आलास व्हय? ये की आत. दारात का थांबलायस?”

वहिनींनी चहा आणि भडंग आणून ठेवले. त्याने मला परसात नेऊन पेवाची जागा दाखवली. तोंडावर आता फरशी बसवलेली आहे आणि तिच्यावर तुळशीची कुंडी. हळद तो आता गोदामात ठेवतो. व्यवहार लहान, पण उधारी नाही. कर्जाचा विषय त्याने काढला नाही, मीही काढला नाही. काल का आला नाहीस, असेही मी विचारले नाही. वडिलांच्या कंदिलाची काच अजून आहे, एवढे मात्र त्याने आपणहून सांगितले.

आत आल्यावर त्याने कपाटातून एक निळी फाइल काढून माझ्यापुढे ठेवली. मुदत ठेवींच्या पावत्या होत्या.

“हिचं नाव सगळीकडं लागलंय का, तेवढं बघ. बँकेतली पोरं लागलंय म्हणत्यात. पर तू एकदा बघितलास की मी निवांत झालो.”

घाटावरून मित्रांचा फोन वाजत होता. मी चष्मा पुसला आणि पावत्या एकेक करून पाहू लागलो. अकरापैकी दोन पावत्यांवर वहिनींचे नाव लागायचे राहून गेले होते. त्या मी वेगळ्या काढल्या आणि त्याच्याकडे कोरा कागद मागितला.