भिंतीला श्वास घेऊ द्या

वॉलपेपर ओढून काढला की भिंत रंगवायला तयार, असं वाटत असेल तर मंडळी, जरा थांबा. खरं काम तिथून पुढे सुरू होतं.

आमचं घर शेगाव तालुक्यात, म्हणजे पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला हा पट्टा. इथलं भूजल खारं, त्यामुळे जुन्या घरांना हमखास लोणा लागतो. खारं पाणी विटांमधून वर चढतं, पृष्ठभागाजवळ वाळतं आणि मिठाचे स्फटिक मागे राहतात. ते फुगले की गिलाव्याचे पोपडे सुटतात.

ताईच्या बघण्याच्या कार्यक्रमाआधी काकांनी हे पोपडे झाकायला झकास व्हिनाइल वॉलपेपर चिकटवून घेतला होता. एरर दिसू नये म्हणून लॉगिंगच बंद करावं, तसा प्रकार! ताईचं लग्न होऊन ती सासरी गेली, पण भिंतीतली ओल कुठेच गेली नाही. कागदामागे काळी बुरशी धरली. बाबा त्याच खोलीत झोपतात आणि त्यांना दमा आहे. पुण्याला चला म्हटलं तर येत नाहीत. मग निदान भिंत तरी नीट करायची, असं ठरवून उन्हाळ्यात सुट्टी टाकली.

पेंटर म्हणाला, "कागद काढतो, प्रायमर मारतो, दोन दिवसांत काम फिनिश." बाबा म्हणाले, "काई घाई नाई. भितीले श्वास घेऊ दे बा आधी."

बाबा इंजिनिअर नाहीत, पण बरोबर तेच होते. कागद निघाला तरी गोंदाचा थर भिंतीवर राहतो. ओला हात फिरवला की बुळबुळीत लागतो. गोंद खळीचा असेल तर पातळ केलेल्या बेटाडीनचा थेंब टाका, निळा-काळा डाग पडतो (आठवीतला प्रयोग शेवटी कामाला आला). हा थर तसाच ठेवून पाण्याचा प्रायमर मारला, तर गोंद पुन्हा ओला होतो आणि वरचा रंग तडकतो.

आम्ही तोंडाला फडकं बांधलं, बुरशी ओली करूनच पुसली आणि कोमट पाणी-स्पंजने गोंद काढला. पाणी मात्र बेतानेच वापरलं, कारण मीठ विरघळून परत भिंतीत शिरतं. लोणा वाळल्यावर कोरड्या ब्रशने झाडला आणि लगेच गोळा केला. मग दारं-खिडक्या उघड्या. पेंटर निघून गेला. भिंत वाळली का ते कसं कळणार? प्लॅस्टिकचा चौकोन चारी बाजूंनी टेपने चिकटवा आणि दुसऱ्या दिवशी बघा. आत दव दिसलं तर अजून थांबा.

वरचा भाग वाळला. तिथे ऑइल बेस प्रायमर मारला, कारण तो उरलासुरला गोंद जागीच धरून ठेवतो. प्रायमरचा वास पूर्ण जाईपर्यंत बाबांची खाट ओसरीत. खालच्या तीन फुटांत मात्र दव येतच राहिलं. तिथे सील करणं म्हणजे पाण्याला कोंडणं. कोंडलेलं पाणी आणखी वर चढणार किंवा रंग फाडून बाहेर येणार. म्हणून तिथे जुना, सैल गिलावा खरवडला आणि चुन्याचे पातळ हात दिले. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो, पण ओल बाहेर जाऊ देतो. लोणा तिथे पुन्हा येईल, तेव्हा झाडायचा आणि परत चुना. मेंटेनन्स आहेच, पण निदान बिघाड डोळ्यांसमोर राहतो.

भिंत आता दोन रंगांची दिसते. ताई फोटो बघून म्हणाली, "हे काय रे ध्यान!" बाबांना मात्र आवडली. दमा काही भिंतीमुळे बरा होत नसतो, पण खोलीतला तो कुबट वास गेला. पुढच्या पावसाळ्यानंतर पुन्हा चौकोन चिकटवून बघणार आहे. तुमच्या गावच्या घरी वॉलपेपर असेल तर एक कोपरा उचलून बघाच.